खांदमळणीचं तेल आणि माझी चाकाची खुर्ची

ये गं, हे वाचताना अशी जवळ ये. तुझी खुर्ची माझ्या बाजेला लावलीस असं समज, आणि आधी ब्रेक ओढ. ओढलास? दोन्ही बाजूचा? मग ठीक. परवाच्या लग्नात मी कोपऱ्यात बसून सगळं बघत होते, बरं का. खुर्चीवरून गादीवर सरकताना तू ब्रेक लावला नव्हतास, पाय ठेवायची पाटीही वर केली नव्हतीस. खुर्ची हातभर मागं पळाली, तुझ्या भावानं तुला धरलं म्हणून निभावलं, आणि तू हसून वेळ मारून नेलीस. हसण्यावारी न्यायची गोष्ट आहे का ती? वरून तुझी आई सांगते, की पोरगी आता घराबाहेर पडत नाही, भीती वाटते म्हणते. वाटणारच की. ब्रेक ढिला, चाक ढिलं, आणि चालवणारीही ढिली. रागावू नकोस. तू माझी नात, पण या घराण्यात चाकावर बसणारी तू पहिली नाहीस. पहिली मी. मला शाळा नव्हती, अक्षरं मी पोथीतून उचलली, म्हणून बोलते तसंच लिहिते. चुका काढत बसू नकोस, ऐक.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. पोलीस ॲक्शनला अजून काही वर्षं होती. बोरीच्या अलीकडं आमचं गाव. घर अगदी वर, टेकाडावर, वेस खाली, आणि मधे खडकाळ उतार. लहानपणी तापात माझे पाय गेले. तेव्हापासून मी पोत्यावर बसून हातानं सरकायची. बाहेर जायचं तर माय कडेवर घ्यायची. मी मोठी झाले, मायची कंबर ऐकेना, तशी मी अंगणापुरती राहिले. महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, आल्या की कासार वेशीत बांगड्यांची माळ मांडून बसायचा, गावच्या पोरी घोळक्यानं उतरायच्या. माझ्यासाठी उरल्यासुरल्या बांगड्या घरी यायच्या. कधी हातातून गळायच्या, कधी रंग भलताच.

"हिला कुठं मिरवायचंय?" आत्या म्हणायची. मनानं वाईट नव्हती गं ती, तोंडच तसलं.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, कापसाच्या गाड्या भरून परभणीला न्यायचे. तिथं कुण्या अंमलदाराची म्हातारी आई वारली, आणि तिची चाकाची खुर्ची ओसरीत धूळ खात पडली. दादांनी ती मागून घेतली, रिकाम्या गाडीत कडब्यावर ठेवून घरी आणली. वेताची बैठक, पुढं दोन मोठी चाकं, मागं एक बारकं. मोठ्या चाकांवर काळं भरीव रबर, त्याच्या बाहेरून हातानं फिरवायचं लाकडी कडं. उजव्या हाताला एक लोखंडी दांडी. ती ओढली की लाकडाचा ठोकळा रबरावर दाबून बसायचा. हाच ब्रेक.

"मेलेल्या म्हातारीची खुर्ची माय! उद्या ती म्हातारी मागायला आली म्हंजे?" आत्या ओरडली.

"आली तर तिला पोत्यावर बसवू," मी म्हणले.

थोरले चुलते, म्हणजे आबा, ओट्यावर पान लावत होते. घरात शब्द त्यांचा. ते खाली मान घालूनच बोलले, "चाकं गाडीला असत्यात. पोरीला न्हाई."

"मग मला गाडी म्हना, आबा."

मायनं पदर तोंडाला लावला. हसायली होती का रडायली होती, मला आजपर्यंत कळलं नाही.

उन्हाळाभर मी अंगणात खुर्ची फिरवायला शिकले. तळहाताची साल निघाली, नवी आली. चाक दगडाला अडलं तर जोर करायचा नाही, मागं घ्यायचं आणि दुसऱ्या अंगानं जायचं. शेणानं सारवलेल्या ओल्या जागेवर वळायचं नाही. आणि बुड उचलायच्या आधी दांडी ओढायची. हे कुणी सांगितलं नाही, पडून पडून कळलं.

मग पोळा आला. तुला शहरात ठाऊक नसेल, पोळ्याच्या आदल्या सांजेला आपल्याकडं खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सुजलेले असतात, ते हळद-लोण्यानं नाहीतर तेलानं मळायचे, आणि बैलाच्या कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दादांनी दोन्ही बैलांचे खांदे मळले. वाटीत करडईचं तेल उरलं होतं. ते माझ्याकडं वळले.

"माझ्या लेकीची पन जोडीच हाय की," म्हणाले, आणि खुर्चीसमोर उकिडवे बसून त्यांनी दोन्ही चाकं मळली. जीव लावून मळली. लाकडी कडं, काळं रबर, ब्रेकचा ठोकळा, काही सोडलं नाही. वर हळदीची बोटं ओढली. रबर जांभळासारखं चमकायला लागलं. मग चाकाला तोंड लावून हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." मी खुशीत होते. एवढा मान मला तरी कुणी दिला होता?

दुसऱ्या दिवशी दादांनी मला उताराच्या तोंडाशी आणून ठेवलं. तिथून वेस दिसते. "दांडी वढ. मी बैलं घिऊन येतो," म्हणाले आणि गेले. मी दांडी ओढली. खाली वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, दोन्ही बाजूंना झुली घातलेले बैल, हलगी वाजायली. रिवाज असा, की तोरणाखालून पहिल्यांदा पाटलाचे मानाचे बैल जायचे. मग पोळा फुटला म्हणायचं आणि बाकीच्यांनी आपले बैल सोडायचे. या पहिलेपणावरून गावोगाव डोकी फुटलेली आहेत, एवढा तो मान.

पाटलाच्या बैलांना ओवाळणं चाललं होतं, आणि माझी खुर्ची आपोआप निघाली. दांडी ओढलेली होती गं! ठोकळा रबरावर होता, पण रबर त्याच्याखालून मासळीसारखं सुळसुळ निसटत होतं. मी दोन्ही कडी धरली. हात तेलानं सटकले. पुन्हा धरली, पुन्हा सटकले. पुढचं काय सांगू? वारा कानात, हलगी जवळ जवळ यायली, लोक दोन्हीकडं पांगायले, आणि मी पाटलाच्या बैलांच्या नाकासमोरून, तोरणाच्या बरोब्बर खालून, वेशीबाहेर गेले आणि कडब्याच्या गंजीत शिरले.

मग कुणीतरी टवाळानं आरोळी ठोकली, "फुटला रे पोळा!"

झालं! पोरांनी खरं मानून बैल सोडले. मानाचे बैल ओवाळणीच्या ताटापाशी उभे, आणि गावची सगळी गुरं तोरण तोडून पुढं. पाटलांचा फेटा सुटला. मी गंजीत उताणी, हनुवटी फुटलेली, केसांत कडबा. मला उचलायला पहिली धावली ती आत्या. तोंडानं शिव्या देत होती आणि पदरानं माझं रक्त पुसत होती.

घरी आबांनी मला बोल लावला नाही. राग काढला तो खुर्चीवर. "ओसरीत माळवदाखाली तुळईला टांगा हिला. महालक्ष्म्या उठल्या की सुताराकडं फोडायला द्या. पाटलापुढं मान खाली घालायला लावली हिनं."

आणि खरंच टांगली. मी अंगणात, माझी खुर्ची वर अधांतरी, चाकं संथ फिरायलेली. माय मला उचलून आत न्यायला आली.

"मला हात लावू नगं," मी म्हणले.

"इतंच बसतीस का रातभर?"

"बसते. कडेवर जायाचं न्हाई आता."

माय शेजारी बसली. मी तळहात नाकाशी नेले. करडईचं तेल आणि हळद. तेव्हा डोक्यात उजेड पडला. दांडीचा दोष नव्हता, उताराचा नव्हता, माझा तर नव्हताच. मी दादांना हाक मारली, हात त्यांच्या नाकाशी धरले. दादांनी वास घेतला आणि मटकन खाली बसले.

"मी तर बैलावानी... मायेनं लावलं गं बाई."

"बैलाला लावा, दादा. बैलाचे पाय त्येच्या खांद्यात न्हाईत. हिचा खांदा बी चाकच अन् पाय बी चाकच. तेल आतल्या कण्याला पायजे, बाहेर न्हाई."

"मग आता?"

"खाली काढा."

दादांनी आबांना न विचारता तुळईवरून दोर सोडला. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. मी रिठ्याच्या कोमट पाण्यानं रबर धुतलं, कोरड्या फडक्यानं पुसलं, चुलीतली राख चोळली, पुन्हा पुसलं. ठोकळा खरवडून काढला. कड्यांवरचं तेल जाईपर्यंत माझी नखं पिवळी झाली. चाक ज्यावर फिरतं त्या कण्यात मात्र मोरपिसानं थोडकं तेल सोडलं, ओघळ आला तो लगेच टिपला. मग खुर्चीत बसले, ओट्यासमोर जाऊन थांबले आणि दांडी ओढली.

"आबा, फोडायच्या आधी एकदा लोटून बघा."

आबांनी पान थुंकलं. उठले. बैलगाडी चिखलातून काढणारा माणूस तो. खांदा लावून लोटली. खुर्ची करकरली, जागची हलली नाही. पुन्हा लोटली. आबांचं धोतर घोट्यात अडकलं, खुर्ची तिथंच. आत्या दारातून आबांना म्हणाली, "बैल जुपू का मदतीला?"

आबा धापा टाकत म्हणाले, "अंगन सपाट हाय. उतारावर काय करशील?"

"कासार कधी बसनार वेशीत? त्या दिशी बघा."

तो दिवस आला. सांगते तुला, भीती मलाही होती. मी पडले असते तर खुर्ची सरपणाला गेली असती आणि मी जन्मभर त्या पोत्यावर. पण भीती असली तरी मी तिला पुढं बसू दिलं नाही. हाताला फडकी गुंडाळली, कारण उतारावर कडं हातात फिरतं तेव्हा तळवा भाजतो. एक मोठी युक्ती अशी, की सरळ खाली जायचंच नाही. भरलेली गाडी उतरवताना दादा बैलांना तिरपं घालायचे, तेच मी केलं. या कडेपासून त्या कडेला तिरपी, तिथं थांबायचं, दांडी ओढायची, दम घ्यायचा, वळायचं. पाठ मागं टेकलेली, नजर पुढच्या दगडावर. सगळं गाव ओट्याओट्यावर उभं होतं. दादा माझ्यामागं यायला निघाले, तर मी ओरडले, "तितंच थांबा!"

पाटील चावडीवर बसले होते. मी समोरून जाताना म्हणाले, "काय गं, आज कुनाच्या मानाआधी निगालीस?"

"आज मानाचं बैल न्हाईत, पाटील. आज मीच हाय."

चावडी हसली. पाटीलही हसले, मिशीत का होईना.

कासारासमोर मी दांडी ओढली, हात पुढं केला. हिरव्या बांगड्या, माझ्या मापाच्या, मी निवडलेल्या. पोरी सरकून बसल्या, मला जागा करून दिली. मग मात्र चढाव. चढाव माझ्या एकटीच्या हातांना झेपणारा नव्हता, आणि त्याची मला लाज वाटली नाही. मी वर बघून हाक मारली, "कोन येतंय लोटायला?"

गर्दीतून आबा उतरून आले. त्यांनी वेताची पाठ धरली.

"वेत धरू नका आबा, तुटंल. खालचा दांडा धरा. अन् थांबायचं झालं तर आदी मला सांगा, मी ब्रेक वढते."

ज्यांच्यापुढं घरात कुणी आवाज काढत नव्हतं, त्यांनी गपचूप दांडा धरला. अर्ध्या चढावर म्हणाले, "थांबू का गं?"

मी ब्रेक ओढला. "थांबा."

खुर्ची त्यांनी पुन्हा कधी टांगली नाही.

तर बाई, मदत घ्यायची, पण कुठं धरायचं ते आपण सांगायचं. तुझ्या चाकांत हवा भरून घे, नाहीतर ब्रेक नुसता हवेला धरतो. ढिला पेच आवळून घे. रबराला तेलाचं बोट लावू नकोस, आणि दुसऱ्या कुणी मायेनं लावायला आलं तरी लावू देऊ नकोस. मग निघ. आता आमचं घर सपाटीवर आहे, आणि दारातल्या दोन पायऱ्या मी कालच बुजवून घेतल्या, लांबलचक सौम्य उतार करवलाय, तुझ्या हातांना चढेल असा. भावाला फार तर वेशीपर्यंत आण, पुढं तुझी तू ये. करडईची भाजी आणि ज्वारीची भाकरी तुझ्या वाट्याची ठेवते. आज आवतन घे, आणि लवकर जेवायला ये.