जीवनच्या वाट्याची खिचडी

सतरा वर्षं शाळेतली खिचडी शिजवणाऱ्या चांगुणाबाईवर कुपोषणाचा ठपका आला, तोही एका यंत्रापायी. ऐका तर खरं.

अमडापूरहून आत, एस.टी.नं कधी तोंड न दाखवलेलं ते गाव. शाळा चौथीपर्यंत, मास्तर एकटे गोपाल सर, आणि पट एकोणीस. वीस भरले नाहीत तर शाळा बंद, असा निरोप वरून आला होता. शाळा बंद म्हणजे चांगुणाबाईची चूल बंद. नवरा गेल्यावर बाई उभी राहिली ती याच चुलीच्या जोरावर, त्यामुळं तिची झोपच उडाली.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका संस्थेनं खोकं पाठवलं. आत रोबोट. आडवळणाच्या गावातल्या पोरांनी शास्त्रज्ञ व्हावं अशी त्या भल्या माणसांची इच्छा. सरांनी हमीपत्र वाचलं आणि त्यांच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे. त्यावर कारखान्यातून निघाल्याची तारीख होती, ठिकाण होतं, आधारसारखा बारा आकडी नंबर होता. इतकी चोख कागदपत्रं त्या शाळेत आजवर एकाही लेकराची नव्हती. सरांनी तारीख तेवढी आठ वर्षं मागं ओढली आणि पटावर विसावं नाव घातलं, जीवन. हे काय करून राह्यले म्हणून चांगुणाबाईनं विचारलं, तर म्हणाले, तुमची चूल वाचवून राह्यलो.

आता पटावर नाव म्हटल्यावर वाट्याला खिचडी आलीच. चांगुणाबाई रोज वीस ताटल्या मांडायची, विसावी जीवनपुढं. तो काय खाणार, कप्पाळ? ती ताटली खायची काजल. सालदाराची, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याची पोर, मेळघाटातून आलेली, मालकाच्या शेळ्या राखत शाळेच्या खिडकीशी उभी असायची. तिचं नाव घालायला बाप दोनदा आला होता आणि सरांनी दोनदा परत पाठवला होता, कारण कागद नाहीत. चांगुणाबाईच्या जिवाला ते फार लागलं होतं. पण खिचडीवालीचं कोण ऐकणार, म्हणून ती गप्प बसली होती.

जीवनचं म्हणाल तर तो नुसता गोल गोल फिरायचा. सरांनी पुस्तिका तीनदा वाचली, नारळही फोडला. फरक शून्य. एका दुपारी ताटली चाटून झाल्यावर काजलनं त्याला उलटा केला, विळ्याच्या टोकानं स्क्रू काढले, दोन वायरी इकडच्या तिकडं केल्या, आणि गडी नाकासमोर चालायला लागला. चाकाचं रबर तुटलं तेव्हा तिनं सायकलची ट्यूब कापून बसवली. मग काय, एकोणीसच्या एकोणीस पोरं तिच्याभोवती. हे काऊन फिरते, ते काऊन थांबते, दिवसभर तेच. चौथीच्या पोरी तर घरी सांगू लागल्या की आम्ही पुढं सायन्सच घेणार. त्यांनी जीवनला वाढायलासुद्धा शिकवलं. पहिली पळी त्यानं सरांच्या सदऱ्याच्या खिशात वाढली. अन्नाचा अपमान नको म्हणून सरांनी ती तिथूनच खाल्ली.

पुढं आरोग्य तपासणीचा तक्ता आला. वय खोटं लिहिणाऱ्या सरांचं मन वजन खोटं लिहायला काही धजेना. त्यांनी जीवनला काट्यावर ठेवला आणि लिहिलं, वय आठ, वजन अडीच किलो. तक्ता मोबाईलवर भरताच नावापुढं लाल रंग आला, म्हणजे तीव्र कुपोषण.

तिसऱ्या दिवशी दारात रुग्णवाहिका. डॉक्टर योगिनी मॅडम, दोन नर्सा, सलाईनच्या बाटल्या. मॅडमचा पहिला सवाल, इथं स्वयंपाक कोण करतं? चांगुणाबाई पळी घेऊनच पुढं आली. सतरा वर्षांत तिच्या खिचडीला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि आज लेकरू मारल्यासारखं सगळे तिच्याकडं बघत होते.

जीवनला बोलवा म्हटल्यावर तो वर्गातून आला, हजेरीला करतात तसा हात वर करून, मागं काजल. मॅडमनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्यांनी त्याला उचलून स्वतःच्या काट्यावर ठेवलं. वजन बरोबर आहे, म्हणाल्या. आणि हे नाव आजच काढा. मॅडमनी मग नेमकं विचारलं, याच्या वाट्याची खिचडी रोज जात कुठं होती?

शेळ्यांना घातली म्हणता आलं असतं. चांगुणाबाईनं काजलचं मनगट धरून तिला पुढं ओढलं.

“हिनं खाल्ली. मीच देली. यंत्राजवळ कागद होते म्हून त्याचं नाव लागलं. ही रोज समोर उभी होती, हिचं नाही लागलं. आता मले काढा नाही तं ठेवा.”

कागद नाहीत म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही का, असं मॅडमनी सरांना विचारलं. ठाऊक होतं हो, सर पुटपुटले, पण वरच्यांची भीती वाटे. त्यांनी पट उघडला, जीवनवर रेघ ओढली आणि विसावं नाव काजलचं घातलं. कागदपत्रांच्या रकान्याशी पेन अडलं. बऱ्याच विचारानं त्यांनी तिथं लिहिलं, ‘प्रत्यक्ष पाहिली.’

मॅडमनी काजललाही काट्यावर उभं केलं. नऊ वर्षांची पोर, सतरा किलो. मोबाईलवर पुन्हा तोच लाल रंग आला, आणि या खेपेला हसण्यासारखं काही नव्हतं. चांगुणाबाईनं डोळ्याला पदर लावला, चुलीपाशी गेली आणि विसाव्या ताटलीत एकाऐवजी दोन पळ्या वाढल्या.