सहा पुंगळ्या

लंडनजवळ पिनरला आमच्या शेजारी राहणारे आजोबा नेमबाजी करतात. रीतसर परवाना, कपाटाला कुलूप, सगळं शिस्तीत. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या ते टाकत नाहीत, पुन्हा भरून वापरतात. एका शनिवारी दुपारी कुंपणावरून मला त्यांच्या शेडमध्ये गॅसची निळी ज्योत दिसली. कुणी पितळ तापवतंय आणि मी घरात बसून राहीन? मी पुण्याच्या तांबटाची मुलगी. गेलेच.

झाडून झाडून पुंगळीचं तोंड कडक होतं आणि तडकतं, म्हणून ते तापवून मऊ करायचं, असं त्यांनी सांगितलं. अहो, हे तर आमच्या घरचंच! ठोकून ठोकून भांडं कडक झालं की बाबा ते भट्टीत घालायचे, आणि लाली नीट दिसावी म्हणून दुकानाची खिडकी लोटून घ्यायचे. आजोबांना याची भारी गंमत वाटली. मला तिथेच बसवून ते चहा करायला आत गेले.

माझे हात शिवशिवायला लागले. मी शेडचं दार लोटलं, चिमट्यात एकेक पुंगळी धरली आणि बुडापासून तोंडापर्यंत छान लाल केली. सहा झाल्या. निवल्यावर त्यांच्याच ट्रेमध्ये ठेवल्या. आजोबा आले, उरलेल्या त्यांनी तापवल्या, आणि बाबांबद्दल विचारता विचारता न बघताच सगळा ट्रे पॉलिशच्या ड्रममध्ये ओतला.

तासाभराने सगळ्या पुंगळ्या सारख्याच लखलखीत बाहेर आल्या. तेव्हा कुठे मला प्रश्न सुचला. तुम्ही ज्योत फक्त तोंडाशीच का धरता?

ते म्हणाले, "बूड कडकच राहायला हवं. सगळा दाब तेच पेलतं, आणि नेम धरताना ते माझ्या गालाशी असतं."

दुसऱ्या दिवशी त्यांची स्पर्धा होती. या पुंगळ्या त्यांनी वर्षानुवर्षं निवडून जमवलेल्या. गप्प बसावं असं क्षणभर वाटलं, खोटं कशाला सांगू? लाजच तेवढी वाटत होती.

"यातल्या सहा मी तापवल्यात," मी म्हटलं. "बुडापर्यंत."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोन पकडी काढल्या, एक मला दिली. चुकूनही कुणी वापरू नये म्हणून सगळ्या चेपायच्या. आम्ही समोरासमोर बसून चेपत राहिलो. बाकीच्यांना जोर लावावा लागत होता. मी तापवलेल्या मात्र हाताला लगेच कळत होत्या. जराही विरोध न करता दबायच्या. अशा पाच मला सापडल्या.

सहावी त्यांच्या पकडीत आली. ती दबली तशी त्यांनी पकड खाली ठेवली आणि उजव्या गालावरून एकदा तळवा फिरवला. मग म्हणाले, बाबांच्या त्या खिडकीचं पुढे सांग.