कंपनीची खुर्ची

बबनराव एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा लुगडं नेसला आणि पुढे चाळीस वर्षं ते त्याने सोडलं नाही. आमच्या दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, मी राजा, तो राणी. राजाला लोक केव्हाच विसरले. राणीला मात्र आर्वीच्या बाजारात बायका अजून थांबवतात आणि पदर कसा घ्यायचा ते विचारतात.

त्याचं गाव रोहण्यापासून दोन कोसांवर. गावाचं नाव लिहीत नाही, ज्या फोनवाल्या कंपनीशी त्याचं वाजलं तिचंही लिहीत नाही. दोघांनाही राग लवकर येतो.

दंडार थांबली तेव्हा त्याच्या सुनेनं, अंजूनं, त्याला फोनवर त्या कंपनीचं, चित्रणं टाकायचं एक पान उघडून दिलं. बबनरावाला बोलायला दुसरी जागा नव्हती. ग्रामसभेत उठला की लोक त्याला हात धरून खाली बसवत. लुगडं नेसला तरच ऐकत. म्हणून पानावर तो रुपयाएवढं कुंकू लावून ‘देवकाबाई’ व्हायचा आणि गावाची हजेरी घ्यायचा. अशी दोनशे चौदा सोंगं त्याने केली. शेवटचं नळाचं. घरोघरी नळ बसून दीड वर्ष झालं होतं, पाण्याचा थेंब नव्हता. देवकाबाईनं नळाला हळदकुंकू लावलं, समोर डिंकाचे लाडू ठेवले आणि मायेनं विचारलं, “बाई, तुले पान्हा काऊन नाई फुटून राह्यला?”

अकरा हजार लोकांनी ते पाहिलं. चौथ्या दिवशी पान बंद.

कंपनीनं कळवलं की आपण दुसऱ्याच व्यक्तीचं सोंग घेतलं आहे आणि ते आमच्या समूहाच्या नियमांत बसत नाही. ज्या कामाला आयुष्यभर मानाचा नारळ मिळाला त्याचा असा गुन्हा झाला. हा समूह राहतो कुठे, ते कळलं नाही. आर्वी तालुक्यात तरी नाही. त्याच कंपनीच्या पानावर एक खोटा डॉक्टर सात दिवसांत साखर घालवतो. त्याचं सोंग चालतं, कारण त्यानं जाहिरातीचं तिकीट काढलेलं असतं.

पान परत हवं तर कॅमेऱ्यासमोर तोंड दाखवा, असं कंपनी म्हणाली. बबनराव सदरा घालून बसला. यंत्र म्हणालं, हा तो नव्हे. मग लुगडं नेसून बसला. यंत्र म्हणालं, चेहरा स्थिर ठेवा. कॅमेरा दिसल्यावर स्थिर राहणारा चेहरा बबनरावाला देवानं दिलेलाच नाही. त्यानं लाजून मान वळवली, भुवई उडवली, आणि अर्ज फेटाळला गेला. पुन्हा अर्ज केला तर ‘तपासणी चालू आहे’ एवढंच उत्तर. अंजू म्हणाली, “मामाजी, तिकडं माणूसच नाई. कोनापाशी रडता?”

तेव्हा त्याला दंडारीची जुनी रीत आठवली. ज्याची टर उडवायची त्याला आम्ही आधी निरोप धाडत असू. त्याची खुर्ची पहिल्या रांगेत असे आणि सोंग संपलं की उठून उत्तर देण्याचा मान त्याचा. रागावून उठून जाणाऱ्याला गाव वर्षभर हसे. बबनरावानं जुने गडी जमवले, मलाही पिपरी मेघेहून बोलावलं, आणि पारासमोर पहिल्या रांगेत जरीचा हार घातलेली रिकामी खुर्ची ठेवली. पाठीवर कागद: ‘कंपनी’.

सरपंच मधुकरराव उशिरा आले. पार भरला होता. ते सरळ त्या खुर्चीत बसले आणि हार काढून मांडीवर ठेवला.

देवकाबाईनं कमरेवर हात ठेवले. “सरपंचसाहेब, ते कंपनीची जागा हाये.”

“मंग बरोबर बसलो,” मधुकरराव मिशीत हसत म्हणाले. “कंपनीनं माह्यंच तं आयकलं.”

हशा झाला आणि अर्ध्यातच थांबला. आपण काय बोललो ते मधुकररावांना सगळ्यांत शेवटी समजलं.

देवकाबाईनं आवाज चढवला नाही. “कसं आयकलं, तेही सांगजा. रीत हाये.”

रीत मोडून उठावं तर सगळं गाव बघत होतं. त्यांनी सांगितलं. चाळीस पोरांना एकाच दिवशी तक्रारी करायला लावल्या होत्या. कंपनीनं ना कोणाला विचारलं, ना सोंग पाहिलं. मग नळाचंही विचारलं गेलं. मोटारच बसवलेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात मोटार बसली. पाणी दिवसाआड येतं, पण येतं. सरपंचाला उद्या त्याच पारावरून जायचं असतं.

पान अजून बंद आहे. परवा अंजूनं तिच्या फोनवर दाखवलं: सेलूच्या कोणीतरी त्या दंडारीचं चित्रण स्वतःच्या नावानं टाकलंय, तीन लाख लोकांनी पाहिलंय, आणि कंपनी म्हणते, ‘खास तुमच्यासाठी’. बबनरावानं ते दोनदा पाहिलं. मधुकररावांच्या मांडीवरचा हार बोटानं दाखवत म्हणाला, “हार आपला व्हता. वापस घेतला का कोनी?”

हार मी त्याच रात्री परत आणला होता. आता तो आणि खुर्ची, दोन्ही पुढच्या गावी दंडारीला न्यायची आहेत.