शेजाऱ्याच्या चारित्र्याचा दाखला

मोरेश्वर टिल्लू सत्तावीस वर्षं इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलमध्ये राहतात, त्यातली चोवीस एकाच घरात. एका टेक्नॉलॉजी कंपनीत ते टेस्ट मॅनेजर होते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा त्यांना पगार मिळायचा. निवृत्तीनंतर पगार थांबला, काम चालू राहिलं. आमच्या मंडळाच्या गणपतीत आरतीच्या पुस्तिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या एकतीस चुका त्यांनी काढल्या, आणि त्या आरती चालू असतानाच शेजारच्याला दाखवल्या. शेजारचा म्हणजे मी.

साहेबाच्या कारभारात मात्र त्यांना कधी चूक सापडली नाही. "इथे कागदाला किंमत आहे हो," असं ते मला निदान महिन्यातून एकदा ऐकवतात. कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं, पत्र आलं की ते आधी उभं राहून वाचतात, मग बसून.

त्यांच्या डाव्या हाताचा शेजारी ग्रॅहम पेल. बॉयलर बसवण्याचं काम करून तोही निवृत्त झालेला. चोवीस वर्षांत दोघांचं बोलणं हवामान आणि आज कुठल्या रंगाचा कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायचा, या दोन विषयांपलीकडे गेलं नव्हतं. 'मोरेश्वर' म्हणायला जीभ वळत नाही म्हणून ग्रॅहम त्यांना 'मो' म्हणायचा. जीभ वळवून बघितली होती असं काही नाही.

फक्त एकदा जरा जास्त बोलणं झालं. नागरिकत्वाच्या अर्जावर टिल्लूंना एका ब्रिटिश पासपोर्टवाल्याची सही हवी होती. पत्नी नीनावहिनींनी केलेल्या बेसनाच्या वड्या घेऊन ते ग्रॅहमकडे गेले. ग्रॅहमने वड्या ठेवून घेतल्या, फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "मी तुला तसा ओळखत नाही ना, मो." शेवटी सही त्यांच्या डेंटिस्टने केली. निदान त्याने टिल्लूंना आतून पाहिलं होतं.

पुढे ग्रॅहमने कुंपणालगत लेलँडीची झाडं लावली. ती अशी फोफावली की टिल्लूंच्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागे. अकरा वर्षं टिल्लू "बोलेन एकदा त्याच्याशी" म्हणत होते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ग्रॅहमच दार वाजवून आत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो उंबऱ्याच्या आत आला होता, आणि बूट काढायचे का, असंही त्याने विचारलं. नीनावहिनींना तेव्हाच संशय आला.

प्रकरण असं होतं. ग्रॅहमकडे कबुतरं मारायची जुनी शॉटगन होती. आता त्याला जंगलात हरणं मारणाऱ्या एका गटात जायचं होतं. इकडे हरणं फार झाली आहेत, झाडं खातात, मोटारींवर येऊन आदळतात, म्हणून ती मारायला हवीत असं सरकारचंच म्हणणं आहे. पण हरणाला रायफल लागते, आणि रायफलच्या परवान्याला दोन रेफरी लागतात, म्हणजे अर्जदाराची वागणूक चांगली आहे असं लिहून देणारी दोन माणसं. पूर्वी शॉटगनला एकावर भागायचं, आता तिलाही दोन केलेत. शिवाय आता पोलीस नुसत्या सहीवर खूश होत नाहीत. फोन करून खोदून खोदून विचारतात.

"माझा एक रेफरी आहे," ग्रॅहम म्हणाला. "दुसरा होता, तो स्पेनला राहायला गेला. रेफरी इथेच राहणारा लागतो."

"आणि तुझे नेमबाजीच्या क्लबातले मित्र?" टिल्लूंनी विचारलं.

ग्रॅहमने एकेकाचं सांगितलं. एकाचं दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल लायसन्स गेलेलं. दुसऱ्याच्या बायकोने पोलिसांत तक्रार केलेली. तिसरा बंदुकांचाच दुकानदार, तो चालत नाही. "चांगल्या चारित्र्याचा माणूस पाहिजे, मो. खूप विचार केला. मला तूच आठवलास."

तो गेल्यावर नीनावहिनी म्हणाल्या, "अहो, तेव्हा ओळखत नव्हता, आता बरा ओळखायला लागला?"

"चारित्र्य म्हणाला गं तो," टिल्लू म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते.

त्यांची मुलगी अन्वी लंडनला वकिली करते. ती फोनवर तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा, सिम्पली नाही म्हण. त्याचा झाडांचा हेज किती मोठी झाला आहे! ही तुझी लेव्हरेज आहे."

टिल्लूंना लेव्हरेज वगैरे अडवणुकीचे शब्द हलके वाटले. पण फॉर्मवर त्यांनी लगेच सही केली नाही. सरकारची मार्गदर्शक पुस्तिका डाउनलोड करून सगळी छापून घेतली, पिवळ्या मार्करने रंगवली आणि ग्रॅहमला सांगितलं, "मी खोटी सही करत नाही. मला आधी तुला तपासावं लागेल."

आणि ते खरोखर तपासायला लागले. स्प्रेडशीट उघडली. मंगळवारी काचेच्या बाटल्यांच्या पेटीत ग्रॅहमच्या बाटल्या किती, त्याची नोंद. कुत्र्यावर किती वेळा ओरडला, कोणत्या शब्दांत. फुटबॉलमध्ये त्याची टीम हरली की दार कसं लावतो. पोलीस दारूबद्दल विचारतात, स्वभावाबद्दल विचारतात, घरच्यांशी कसा वागतो तेही विचारतात, असं पुस्तिकेत होतं. टिल्लूंनी प्रत्येकाला वेगळा कॉलम केला. एकदा ते कुंपणापाशी वही घेऊन उभे दिसले तेव्हा ग्रॅहम कुत्र्याला म्हणाला, "कृपया आत ये."

चार आठवड्यांत ग्रॅहम असा सुधारला, की त्याची बायको त्याला डॉक्टरला दाखव म्हणाली. त्याने टिल्लूंच्या बाजूचं गवत कापलं. आपली व्हॅन त्यांच्या गाडीच्या वाटेसमोरून काढली. एका शनिवारी यंत्र आणून लेलँडी कमरेपर्यंत खाली आणली, तेव्हा नीनावहिनींना स्वयंपाकघराच्या फरशीचा खरा रंग कळला. तो टिल्लूंकडे जेवायलाही आला. पुरणपोळी त्याने काट्याने खाल्ली आणि "मोरेश-वा, हे फार लाइट आहे," म्हणाला. पुरणपोळीला लाइट म्हणणाऱ्या माणसाचं चारित्र्य कसं असावं, हा प्रश्न मला पडला. टिल्लूंना पडला नाही. "माझं पूर्ण नाव घेतो आता," ते मला म्हणाले.

त्यांनी सही केली. महिन्याभराने पोलिसांच्या परवाना खात्यातून सारा नावाच्या बाईचा फोन आला. टिल्लू सूट घालून बसले होते. फोनला सूट कशाला, असं नीनावहिनींनी विचारलं, तर म्हणाले, "आवाजात कळतं."

साराने आधी त्यांचीच चौकशी केली. जन्म कुठला? इथे कधी आलात? नागरिकत्व आहे का? कधी काही गुन्हा? टिल्लूंचा आवाज जरा उतरला. दुसऱ्याला दाखला द्यायचा तरी आपला दाखला पुन्हा दाखवावा लागतो, हे पुस्तिकेत नीट मार्करखाली आलं नव्हतं.

मग ती ग्रॅहमकडे वळली. टिल्लूंनी स्प्रेडशीट उघडली आणि बाटल्यांची साप्ताहिक सरासरी सांगायला लागले. सारा दोन वेळा "हो हो, पुरे," म्हणाली. मग तिने विचारलं, "मिस्टर टिल्लू, शेजारच्या घरात रायफल असेल, तर तुम्हाला सुरक्षित वाटेल का?"

या देशाच्या सरकारने त्यांना आजवर पुष्कळ प्रश्न विचारले होते, पण तुम्हाला सुरक्षित वाटतं का, हे पहिल्यांदाच विचारलं होतं. आणि स्प्रेडशीटच्या बाहेरची एक गोष्ट त्यांच्या तोंडून निघून गेली. युरोपातून बाहेर पडायचं मतदान झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रॅहम कुंपणावरून हसत ओरडला होता, "काय मो, सामान बांधलंस का?"

"ती थट्टा होती का?" साराने विचारलं.

"तो म्हणाला, थट्टा होती."

"तुम्ही काय केलंत?"

"मी हसलो."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "म्हणजे एकंदर तुमची शिफारस काय?"

"शिफारस करतो," टिल्लू म्हणाले.

फोन ठेवल्यावर नीनावहिनी काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं टिल्लू मला नंतर म्हणाले. मी स्पष्टच विचारलं, "इतकं सांगून वर शिफारस का केलीत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "नाही म्हटलं असतं, तर तो मला परत मो म्हणायला लागला असता."

चार महिन्यांनी ग्रॅहमला परवाना मिळाला. पोलिसांनी घरी येऊन बंदुकीचं कपाट भिंतीला बोल्टने पक्कं बसवलंय का ते पाहिलं, आणि कागद दिला. त्याच आठवड्यात ग्रॅहम कुंपणावरून म्हणाला, "थँक्स, मो." टिल्लूंनी हात वर केला आणि ते आत गेले.

पुढचे कित्येक शनिवार ग्रॅहम हिरवे कपडे घालून जंगलात जाई आणि चिखल घेऊन परत येई. शेवटी एक छोटं मुंटजॅक, म्हणजे कुत्र्याएवढं हरीण, त्याच्या हाती लागलं. कृतज्ञता म्हणून त्याने हरणाच्या सॉसेजेसचं पाकीट टिल्लूंकडे आणून दिलं. घरात अंडंही चालत नाही. नीनावहिनींनी पाकीट चिमट्याने उचलून मागच्या पडवीत ठेवलं. तिथून ते अन्वीने उचललं. ती घरी शाकाहारी आहे.

टिल्लूंची कीर्ती मात्र ग्रॅहमच्या गटात पोचली. गटातल्या लोकांना परवाने नव्याने करून घ्यायचे होते, नियम आणखी कडक होणार अशी हवा होती, आणि चारित्र्यवान माणसांची तिथे तीव्र टंचाई होती. एका रविवारी तीन अनोळखी गोरे गृहस्थ दाराशी आले. टिल्लूंनी त्यांना सोफ्यावर बसवलं आणि पुस्तिका उघडली.

"रेफरीची अर्जदाराशी निदान दोन वर्षांची ओळख हवी," त्यांनी वाचून दाखवलं. "आपली आज झाली. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी साडेदहाला या. बूट बाहेर. आणि माझं नाव मोरेश्वर. म्हणून बघा."

तिघांनी म्हणून बघितलं. नीनावहिनी आतून म्हणाल्या, "अहो, चहा तिघांना की तुम्हालाही?"

दोघे तिसऱ्या महिन्यात गळाले. एकाला नाव जमेना, दुसऱ्याला वेळ. तिसरा, निवृत्त पोस्टमन, अजून येतो. त्याला साबुदाण्याची खिचडी आवडते, आणि वहिनींनी न सांगता तो भांडी आत नेऊन ठेवतो. रायफलचा विषय तो हल्ली फारसा काढत नाही. टिल्लू त्याला दर वेळी आठवण करून देतात, की अजून चौदा महिने आहेत.