ग्लेनिसनं मांडलेला गुरुवार

आमच्या कॅराबूल गावचे रूळ उपटून नेले त्याला आता बराच काळ लोटला. गहू साठवायचा उंच सायलो तेवढा उभा आहे, आणि त्याच्या सावलीत फलाटाचा मातीचा उंचवटा. पण गुरुवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये या. तिथं गव्हाची गाडी अजून येते, डबे सोडते, डबे जोडते आणि उन्हं कलायच्या आत बंदराकडे निघते. ती येते ग्लेनिस पेडलरमुळे.

ग्लेनिसनं उभं आयुष्य शाळेची बस चालवली. बसची नोकरी सुटली तेव्हा तिनं कॉम्प्युटरवरचा रेल्वेचा खेळ घेतला आणि त्यात आमची लाइन पुन्हा घातली. जुने फोटो मागून आणले, ज्याला जे आठवेल ते विचारून घेतलं. स्टेशनामागची झाडं कुठल्या बाजूला झुकलेली होती, हेसुद्धा तिनं चार घरी विचारलं, आणि चार घरांत त्यावरून भांडणं लागली.

गाडी चालवायची मात्र तिला हौस नाही, आजवर एकदाही तिनं ती चालवलेली नाही. तिची हौस मांडण्याची. सारीपाट मांडावा तशी ती बुधवारी गाड्या मांडते. कुठला डबा कुठं उभा, कशात गहू, काय रिकामं, रुळांचा कुठला सांधा कुणीकडे वळलेला, इंजिन कुठं, दिवस उन्हाचा की धुळीचा. मग गुरुवारी आम्ही येतो, विचारतो, "आज काम काय?" आणि ती सांगते. आम्ही चालवतो, ती हॉलच्या स्वयंपाकघरात बसून ऐकते. आमच्यातल्या मर्वनं दोन जुने फिरकीचे फोन तारेनं जोडून दिलेत, एक चालवणाऱ्याच्या टेबलावर, दुसरा स्वयंपाकघरात. स्वयंपाकघर म्हणजे कंट्रोल, लांबून गाड्यांना हुकूम सोडणारं ऑफिस. रेल्वेतल्या माणसाला कंट्रोलला शिव्या दिल्याशिवाय दिवस गेल्यासारखा वाटत नाही, आणि आमच्याकडे निम्मी घरं रेल्वेतली.

क्लॅरी नॉब्लेट या लाइनीवरचा जुना ड्रायव्हर. गेल्या हिवाळ्यात त्याची बायको एल्वी वारली, आणि तो फाटकाबाहेर पडेनासा झाला. ग्लेनिसचं घर समोरच. तिनं सूप नेलं की आतून आवाज यायचा, "ठेव तिथं." दुपार झाली तरी पडदे ओढलेलेच. ते पडदे ग्लेनिसला रोज दिसायचे आणि घास गोड लागायचा नाही. ती त्याच्या मागंच लागली. शेवटी तो म्हणाला, "येतो. तुझा जीव शांत होऊ दे एकदाचा. पण एकदाच, सांगून ठेवतो."

त्या बुधवारी तिनं जीव ओतून मांडलं. क्लॅरीचीच गाडी. सगळे सांधे त्याच्या वाटेनं वळवलेले, लूप, म्हणजे इंजिनानं वळसा घालायची बाजूची लाइन, रिकामा, डबे ओळीनं.

"म्हाताऱ्याला कुठं अडायला नको," ती मला म्हणाली.

क्लॅरी इस्त्रीचा शर्ट घालून आला. हॅट मांडीवर ठेवली, खाली नाही.

"जिवंत आहेस होय!" मर्व म्हणाला. "मला वाटलं तुझ्या परसातली कोबी आता मीच काढायची."

"तुझ्या हातात कुदळ? कोबीला हसू येईल."

सगळे हसले. क्लॅरी पडद्यासमोर बसला. सायलो दिसला तेव्हा तो जरा पुढं वाकला. मग गाडी हलली, आली, थांबली. इंजिन रिकाम्या लूपमधून फिरून दुसऱ्या टोकाला गेलं, रिकामे डबे सायलोखाली ढकलले, भरलेले ओढून काढले. किटली उकळायच्या आत सगळं आटोपलं. फोनला त्यानं हातही लावला नाही.

"छान आहे," तो म्हणाला.

क्लॅरी 'छान' म्हणतो ते दवाखान्यातल्या जेवणाला. त्यानं हॅट उचलली.

ग्लेनिस दारात आली. "आवडलं नाही का रे?"

"आवडलं की. झाडंसुद्धा तशीच झुकलीत. पण पोरी, काम कुठंय? आख्ख्या नोकरीत मला इथला लूप कधी मोकळा मिळाला नाही. तू सगळं चमच्यानं भरवलंस. मी आजारी नाही."

ग्लेनिस कानापर्यंत लाल झाली. "चहा तरी घे. मर्वच्या बायकोनं लॅमिंग्टन केलेत."

खोबऱ्यात घोळवलेल्या त्या चॉकलेटच्या केकला क्लॅरी नाही म्हणू शकला नाही. तो बसला. ग्लेनिस आत पळाली. मी तिथं कप विसळत होतो. ती कॉम्प्युटरवर भराभर गाडीचे डबे उचलून इकडचे तिकडे ठेवू लागली, आणि ओठ असे आवळलेले की जणू बस अरुंद पुलावरून काढते आहे.

"दुसरी फेरी आहे," ती बाहेर येऊन म्हणाली. "एवढी करून जा."

"बघू," क्लॅरी म्हणाला, आणि बोटं पुसत बसला.

या वेळी लूपमध्ये खताचे डबे उभे होते. ते हलवल्याशिवाय इंजिनाला फिरायला वाट नाही. क्लॅरी ते दोन-दोन करून गोदामाच्या सायडिंगमध्ये, म्हणजे तिथंच संपणाऱ्या फाट्यावर, लावू लागला. इकडे स्वयंपाकघरात ग्लेनिसनं माझा दंड धरला.

"मेले मी! गोदामाशी चारच डबे मावतात, आणि लूपमध्ये मी पाच ठेवलेत. हे सुटायचंच नाही. थांबवते, पुन्हा मांडते."

तेवढ्यात फोन खणखणला.

"कंट्रोल! कुठल्या गाढवानं हे डबे लावलेत?"

ग्लेनिस रिसीव्हर हातानं झाकून कॉम्प्युटरकडं वळली. मर्व दारातून धावत आला, हातानं नको नको करत. "अगं, थांबवू नकोस! तो शिव्या देतोय!"

तिनं रिसीव्हरवरचा हात काढला. "मिस्टर नॉब्लेट," ती फोनमध्ये म्हणाली, "आहे ते असं आहे. तुम्हीच बघा."

"बघतोच! इथं उन्हात आम्ही करपतोय, आणि तुम्ही तिकडं पंख्याखाली बसून केक खाताय!"

त्यानं रिसीव्हर आपटला. आम्ही दारातून डोकावलो. क्लॅरी दोन्ही कोपरं टेबलावर टेकून पडद्याकडं बघत होता आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. हॅट केव्हाच जमिनीवर पडली होती. मग त्यानं पाचवा डबा इंजिनाच्या नाकापुढं धरला आणि ढकलत ढकलत लूपच्या पार पलीकडं नेला. सांधा बदलला, मागं आला, आणि इंजिन आपल्या गाडीच्या शेपटाला लागलं. डबा राहिला इंजिनाच्या पुढ्यात. आता लूप मोकळा झाला होता, मग सगळी गाडी त्यातून मागं रेटताना तो डबा तिथंच परत सोडून दिला. सायलोखालून गव्हाचे डबे काढून गाडी लावली तोवर खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून गेलं होतं.

फोन वाजला.

"कंट्रोल, कॅराबूल. गाडी निघाली. उशीर तुमच्यामुळं झालाय, माझ्यामुळं नाही."

"मान्य," ग्लेनिस म्हणाली.

"आणि ऐका बाई. पुढच्या गुरुवारी इंजिनावर तुम्ही बसायचं. मांडणार मी. बघू तरी तुमच्यात किती दम आहे."

मर्वनं कपाळाला हात लावला. "ग्लेनिस, आता तू संपलीस."

ग्लेनिसनं रिसीव्हर तसाच छातीशी धरला होता. मग तिनं तो पुन्हा तोंडाशी नेला.

"क्लॅरी," ती हळूच म्हणाली, "गाडी थांबवायची कशी, तेवढं आजच दाखवशील का?"