पूर्वीचे क्लब

महिन्याचा पहिला रविवार आला की विमल सकाळीच तवा चढवायची, पण पोळ्यांसाठी नव्हे. जाडं मीठ भाजून, जुन्या पंच्याच्या तुकड्यात बांधून ती पुरचुंडी करून ठेवायची. साडेनवाच्या सुमारास चंदीगडच्या सेक्टर बावीसमधल्या घराच्या अरुंद जिन्यावर पावलं वाजायची, मध्येच थांबायची, पुन्हा वाजायची. मग दारात गोपीनाथ उभा. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात गोल्फची बॅग.

"लागले का चेंडू?" ती विचारायची.

"दोन-तीन बरे लागले."

"आणि कंबर?"

ह्यावर तो बॅग कोपऱ्यात टेकवी. चटईवर पालथा पडे आणि विमल मुकाट्यानं शेकायला बसे. गेली आठ वर्षं हे असंच चाललं होतं.

गोपीनाथ मगदूम मूळचा गडहिंग्लजकडचा. अठराव्या वर्षी वायुदलात भरती झाला, विमानांच्या इंजिनांत हात काळे करत वीस वर्षं काढली आणि शेवटची नेमणूक चंदीगडला होती म्हणून चंदीगडलाच राहिला. आता सेक्टर चौतीसमधल्या एका कोचिंग क्लासच्या इमारतीत लिफ्ट, जनरेटर, एसी हे सगळं त्याच्या हाताखाली होतं. एकोणसाठ वर्षांचा, उंच, सडसडीत, बोलायला कमी. असा माणूस गोल्फ खेळतो हे क्लासमधल्या कोणाला सांगून खरं वाटलं नसतं, आणि त्यानं ते कोणाला सांगितलंही नव्हतं.

ह्या मार्चमध्ये मात्र विमलचा धीर सुटला. "लई झालं आता," ती म्हणाली. "एक तर हे खूळ सोडा, न्हाईतर स्वतःच्या मापाच्या काठ्या घ्या. पोरीच्या काठ्या घेऊन वाकून वाकून किती दिवस खेळणार?"

"चालतंय की."

"तुमचं चालतंय. मीठ मला भाजायला लागतंय."

आणि तिनं नुसतं म्हणून सोडलं नाही. मागच्या महिन्यात दोघं मुल्लानपूरला एका ओळखीच्यांच्या वास्तुशांतीला गेली होती, तेव्हा वाटेत तिनं एक पाटी पाहिली होती: इथे माप घेऊन गोल्फ क्लब बनवून मिळतील. तिनं पाटीचा फोटो काढून ठेवला होता. त्यावरच्या नंबरवर तिनं आपल्या हिंदीत फोन केला आणि नवऱ्याला सांगितलं, "शनिवारी अकरा वाजता बोलावलंय. बॅग घेऊन या म्हणाले."

ती बॅग पूर्वीची. पूर्वी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. ती नऊ वर्षांची असताना शहराच्या उत्तर टोकाला असलेल्या रेंजवर, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, मुलांसाठी उन्हाळी शिबिर निघालं होतं. गोपीनाथनं तिचं नाव घातलं. पोरगी चटकन शिकली. शिबिर संपलं तरी दर रविवारी पहाटे बापलेक स्कूटरवरून निघायची. रस्ते मोकळे, समोर कसौलीचे डोंगर अजून निळसर. तिथं ती मारायची आणि हा मागच्या बाकावर बसून एकेक चेंडू मोजायचा. येताना बसस्टँडजवळच्या रेहडीवर, तिथल्या हातगाडीवर, पराठे. ती तेरा वर्षांची झाल्यावर त्यानं तिच्या मापाचा छोटा सेट घेतला, हलक्या दांड्यांचा, बारीक मुठींचा. एका स्पर्धेत तिनं दुसरा नंबरही काढला. मग दहावी झाली, अकरावी आली, "बाबा, इस संडे नहीं" असं एकदा झालं, दोनदा झालं आणि रविवार कधी संपले ते कोणाच्या लक्षात आलं नाही. ती फिजिओथेरपी शिकायला मंगळूरला गेली, तिथून नोकरीला कोचीला. बॅग कपाटाच्या वर राहिली.

ती गेली त्या वर्षी एका रविवारी गोपीनाथला पहाटे जाग आली. घरात काही करण्यासारखं नव्हतं. त्यानं बॅग खाली काढली, पुसली आणि तो रेंजवर गेला. तेव्हापासून महिन्यातून एकदा. त्याहून जास्त कधी गेला नाही. जास्त गेलं तर ते आपलंच खेळणं झालं असतं, असं काहीसं त्याच्या मनात असावं.

मुल्लानपूरचं दुकान अर्ध्या रिकाम्या इमारतीत तळमजल्यावर होतं. एका बाजूला गव्हाचं शेत, दुसऱ्या बाजूला सळया आणि सिमेंटची पोती. आत हिरवा गालिचा, समोर जाळं आणि भिंतीवर ओळीनं लावलेल्या दांड्या. मालकाचं नाव नवतेज. पन्नाशीचा, दाढी पांढरी होत आलेला, हातात मोजपट्टी.

"आओ जी. कितना खेलते हो?"

ह्याच प्रश्नाची गोपीनाथला वाटेभर धास्ती होती. "महीने में एक बार," तो म्हणाला. "कभी कभी वो भी नहीं. मेरे जैसे के लिए ये सब... घरवाली ने भेजा है."

नवतेज हसला नाही. "देखो जी, जो रोज खेलता है वो टेढ़े क्लब से भी काम चला लेता है. शरीर सीख लेता है. कभी-कभार वाले को ही ठीक क्लब चाहिए. उसके पास सीखने का टाइम कहाँ?"

त्यानं गोपीनाथला बूट काढून ताठ उभं केलं आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. तळहात मोजला, बोटं मोजली. आयुष्यात एवढ्या बारकाईनं माप गोपीनाथचं एकदाच घेतलं गेलं होतं, भरतीच्या वेळी. तेव्हा तो पुरेसा आहे की नाही हे बघायचं होतं. इथं त्याला काय लागेल ते बघत होते. त्याला कुठं बघावं कळेना.

मग नवतेजनं बॅगेतला सात नंबरचा क्लब काढला, त्याच्या तळाला एक चिकटपट्टी लावली आणि जमिनीवर फळी ठेवली. "मारो जी. जैसे मारते हो वैसे ही."

गोपीनाथ वाकला आणि त्यानं मारलं. नवतेजनं क्लब उलटा केला. फळीवर घासल्याचा डाग पट्टीच्या मधोमध हवा होता, तो पार एका टोकाला पडला होता. नवतेजनं डाग पाहिला, दांडी पाहिली, मुठीवर अंगठा फिरवला. रबर एका ठिकाणी झिजून गुळगुळीत झालं होतं, आणि ती झीज गोपीनाथच्या अंगठ्याच्या जागेवर नव्हती. चांगली दोन बोटं खाली होती.

"ये किसके हैं?"

"बेटी के."

"खेलती है?"

"खेलती थी."

नवतेजनं जुना क्लब बाजूला ठेवला. भिंतीवरून एक लांब दांडी उतरवली, तिला सात नंबरचं डोकं बसवलं आणि ती गोपीनाथच्या हातात दिली. "झुकना नहीं. बस खड़े रहो, क्लब अपने आप नीचे पहुँचेगा."

पहिले चार-पाच वाकडे गेले. सहाव्याला काय झालं ते गोपीनाथला नीट कळलं नाही. हातांत धक्का बसला नाही, पाठीत कळ आली नाही; नुसता एक भरीव आवाज झाला आणि चेंडू जाळ्याच्या मधोमध जाऊन बसला. बाजूच्या पडद्यावर, चेंडू मोकळ्यावर किती लांब गेला असता त्याचे आकडे उमटले. आठ वर्षांत त्याचा चेंडू इतक्या लांब कधी गेला नव्हता. "बल्ले!" नवतेज म्हणाला. गोपीनाथनं न विचारता दुसरा चेंडू ओढला. मग तिसरा. विसाव्याला त्याच्या लक्षात आलं की आपण हसतोय, आणि तो एकदम थांबला. मागं बाकावर कोणाला तरी एकटं बसवून आपण खेळत सुटलोय, तसं त्याला वाटलं.

नवतेज कागदावर मापं लिहीत होता. "तीन हफ्ते लगेंगे. और ये पुराने यहीं छोड़ जाओ जी, किसी बच्ची के काम आ जाएँगे."

गोपीनाथनं बाजूला ठेवलेला तो जुना क्लब जवळजवळ हिसकावूनच घेतला. "सोचकर बताता हूँ," म्हणाला आणि बॅग उचलून बाहेर पडला.

घरी विमलनं विचारलं, तर "बघू" एवढंच. संध्याकाळी गच्चीत बसून त्यानं पूर्वीला फोन लावला. बापलेकीचं बोलणं ठरलेलं असे. जेवलीस का, पाऊस आहे का, ड्यूटी कशी झाली. तो मराठीत विचारायचा, ती हिंदीत सांगायची, आणि चौथ्या मिनिटाला तो म्हणायचा, "घे, आईशी बोल." आज त्यानं माप द्यायला गेल्याचं सांगितलं.

"सच में? फायनली!" ती ओरडलीच. "क्या बोला उसने?"

"काठ्या आखूड पडतात म्हणाला. पण मी काय म्हणतो, नको. तुझ्या आहेत त्या बऱ्या आहेत. तू परत आलीस की तुला लागतील."

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला.

"बाबा, एक बात बोलूँ? बुरा मत मानना. मैं वापस आकर भी नहीं खेलूँगी. मुझे गोल्फ कभी इतना अच्छा लगा ही नहीं."

"सात वर्षं खेळलीस की."

"आपके लिए जाती थी."

गोपीनाथला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "माझ्यासाठी? मी तुझ्यासाठी न्यायचो."

"पता है. पर आप स्कूटर पर गाना गाते थे, बाबा. घर में तो आप बोलते भी नहीं थे. संडे को आप गाते थे, पराठा खिलाते थे, पूरे टाइम मुझे ही देखते रहते थे. मुझे लगा, खेलना छोड़ दूँगी तो ये भी बंद हो जाएगा. और हो भी गया."

खाली बाजारात कोणीतरी शटर ओढलं. गोपीनाथ कठड्याला टेकला. मग जे त्यानं विमललाही कधी सांगितलं नव्हतं ते हळूहळू सांगायला लागला. वायुदलात पहिल्या नेमणुकीच्या वेळी तो सायकलवरून हँगरला जायचा. वाटेत कुंपणापलीकडं अधिकाऱ्यांचं गोल्फचं मैदान होतं. एकोणीस वर्षांचा पोरगा रोज तिथं एक पाय टेकून थांबायचा. चेंडू वर जायचा, आभाळात दिसेनासा व्हायचा आणि कुठंतरी अलगद उतरायचा. आपल्याला कोणी आत बोलावणार नाही हे त्याला ठाऊक होतं. मागायचंही कधी सुचलं नाही. पुढं मुलगी झाली, शिबिर निघालं, तेव्हा त्याला वाटलं, हिला शिकवावं. हिला आवडेल.

"तो आपको खेलना था," पूर्वी म्हणाली.

"असंल," तो म्हणाला. "मला तसं कधी वाटलं नाही."

"वीडियो ऑन करो."

"कशाला?"

"करो ना. मम्मी को बुलाओ, फोन पकड़ने को. झाड़ू लाओ, लंबी वाली."

पुढचा पाऊण तास सेक्टर बावीसच्या त्या गच्चीत वेगळाच कार्यक्रम चालला. विमल फोन धरून उभी. गोपीनाथ जळमटं काढायचा लांब झाडू घेऊन चेंडू मारण्याच्या पवित्र्यात. कोचीहून हुकूम सुटत होते: घुटने ढीले, बाबा. पीठ से नहीं, कूल्हे से झुको. मम्मी, साइड से दिखाओ, और नीचे. "अगं, हात दुखला माझा," विमल म्हणाली, पण फोन तिनं हलू दिला नाही. रोजच्या रोज दुसऱ्यांच्या बापांच्या पाठी तपासणारी ती पोरगी आज तीन हजार किलोमीटरवरून आपल्या बापाच्या मणक्याकडं टक लावून बघत होती. तिचा चेहरा पडद्याजवळ आलेला, कपाळाला आठी. चेंडू मारण्याआधी ती अशीच बघायची. हात पुढं केला तर लागेल इतकी ती जवळ दिसत होती. गोपीनाथनं झाडू घट्ट धरला.

"ले लो बाबा," शेवटी ती म्हणाली. "और मेरे वाले दे दो. पक्का."

सोमवारी त्यानं नवतेजला फोन केला. जुनी बॅग पोचवायला गेला तेव्हा आधी घरी बसून एकेक क्लब ओल्या फडक्यानं पुसला. दुकानात बॅग कोपऱ्यात ठेवून तो लगेच निघाला. मुल्लानपूरच्या धुळीच्या रस्त्यावरून परतताना स्कूटर हलकी लागत होती आणि ते त्याला सोसेना.

नवे क्लब नव्या बॅगेसकट एप्रिलअखेरीस आले. आता तो महिन्यातून दोनदा जातो. कंबर बरी आहे. चेंडू लागतातच असं नाही. पण लागला की तो अजून मागं वळून बाकाकडं बघतो, आणि मग बॅगेत काहीतरी शोधल्यासारखं करतो.

डिसेंबरात पूर्वी पाच दिवसांसाठी आली. शनिवारी त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "उद्या येतेस का रेंजवर? नुसतं बसायला."

"हाँ, चलूँगी. उठा देना," ती म्हणाली.

रविवारी पहाटे बाहेर दाट धुकं होतं. गोपीनाथ तयार होऊन तिच्या खोलीच्या दाराशी गेला. ती दुलईत मुटकुळं करून झोपली होती, एक हात बाहेर, तोंड अर्धवट उघडं. तिच्या ड्यूट्यांचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ होतं. महिन्याभरात तिला सुट्टी मिळाली नव्हती. दाराला लावलेला हात त्यानं मागं घेतला. आत जाऊन दुलई तेवढी तिच्या हातावर ओढली. खाली येऊन स्कूटर सुरू न करता ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि मग किक मारली.

परत आला तेव्हा ती स्वयंपाकघरात चहाचा कप धरून उभी होती, केस विस्कटलेले, चांगलीच रागावलेली.

"उठाया क्यों नहीं? मैंने बोला था ना."

"झोपली होतीस."

"तो क्या हुआ?"

त्यानं गोल्फची बॅग भिंतीला टेकवली. तिनं खुर्ची पायानं ओढून त्याच्यापुढं सरकवली आणि समोर ओट्याला टेकली. "बैठो. अब बताओ, पहले बॉल से."

गोपीनाथनं मफलर सोडला, बसला आणि सांगायला लागला. पहिला गेला उजवीकडं.