कासाराच्या रांजणातल्या महालक्ष्म्या

बीडच्या ठाण्यावर मी अमीन, म्हणजे ठाण्याचा मुख्य अंमलदार होतो, तेव्हाचं एक प्रकरण अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. निजामाचं राज्य होतं. दफ्तर सगळं उर्दूत, रडणं-भांडणं सगळं मराठीत, आणि मधल्या मध्ये आम्ही. नोकरीत मी दरोडे उघडकीला आणले, खुनी पकडले, वरिष्ठांची शाबासकीही घेतली. पण नातवंडं जेव्हा सगळ्यात मोठी केस कोणती म्हणून विचारतात, तेव्हा मी पाटोद्याच्या एका कासाराची गोष्ट सांगतो. माणसांची नावं सांगणार नाही. त्यातली काही घरं अजून तिथंच नांदत आहेत.

हा कासार बायकोला घेऊन बाजारोबाजार बांगड्या विकायचा. बीडमध्ये त्यांना गिऱ्हाईक चांगलं होतं, राहायला जागा मात्र मिळेना. कासारीण दारात आली की गल्लीतल्या बायका ओसरीवर कोंडाळं करून हात पुढं करायच्या. तीच कासारीण "एखादी खोली हाय का वो?" म्हणाली की त्याच बायकांना चुलीवरचं दूध आठवायचं. जुन्या गल्लीचा हा स्वभाव मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे. परका माणूस उंबऱ्यापर्यंत गोड लागतो, पण त्याची भिंत आपल्या भिंतीला लागलेली चालत नाही. दोघांनी अख्खा पावसाळा धर्मशाळेत काढला. शेवटी एका घराचा मालक मुलाकडे वडवणीला कायमचा राहायला गेला आणि जाताना त्यानं घर कासाराला विकलं.

शेजारी एक धान्याचा आडत्या होता. घर मोठं, माणूस वजनदार, गल्लीत त्याच्या शब्दाबाहेर कोणी नाही. हे घर त्याला धाकट्या मुलासाठी हवं होतं. आज घेऊ, उद्या घेऊ म्हणत त्यानं बोलणी लांबवली आणि घर हातचं गेलं. तेव्हापासून तो चारचौघांत कासाराला 'आयत्या बिळावरचा नागोबा' म्हणायचा. घर रीतसर विकत घेतलेलं असूनही गल्ली त्याच्या म्हणण्याला मान डोलवायची.

पुढच्या वर्षी भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी आडत्या ठाण्यात आला. मागं अर्धी गल्ली होती. घरातले महालक्ष्म्यांचे दोन जुने पितळी मुखवटे, उजळायला म्हणून कोठीतून काढायला गेले तर जागेवर नव्हते. त्याची बायको पदरानं डोळे पुसत होती.

"सासूच्या सासूच्या हातच्या हायेत साहेब. उद्या लक्ष्म्या यायच्या, अन् मी काय मांडू?"

मी फिर्याद लिहून घेतली. तोवर माझा जमादार बाहेरून बातमी घेऊन आला. पानाच्या दुकानावर बसणाऱ्या एका रिकामटेकड्या गड्यानं कासाराला पहाटे माळवदावर पाहिलं होतं. तिकडची घरं मातीच्या सपाट छपरांची, माळवदाला माळवद लागलेलं, त्यामुळं एका घरातून दुसऱ्यात उतरणं अवघड नव्हतं. बातमी देणारा पुढं असंही म्हणाला होता की माल परसातल्या रिकाम्या रांजणात असेल.

बातमी ऐकून गर्दीतून आवाज उठला, "कासारच तो! पितळंची पारख त्यालाच."

माझ्या मनात मात्र दुसरंच आलं. या गड्यानं कासाराला माळवदावर पाहिलं असेल, पण परसातला रांजण त्याला कुठून दिसला? खबऱ्या डोळ्यांनी पाहिलं त्याहून जास्त सांगायला लागला की समजावं, त्याच्या तोंडून दुसरंच कोणी बोलतं आहे. तरी झडती घेणं भागच होतं. मी दोन पंच मुद्दाम दुसऱ्या पेठेतले घेतले, गल्लीला दाराबाहेर थांबवलं आणि जमादाराला घेऊन आत गेलो. आडत्याही बाहेरच होता.

कासार नवराबायको चतुर्थीच्या गर्दीला लिंबागणेशाला बांगड्या घेऊन गेली होती, ती नुकतीच परतली होती. पेटी अजून सोडलेली नव्हती. परसात रांजण होता आणि रांजणात खरोखरच मुखवटे होते.

मी आत वाकून पाहिलं आणि तसाच थांबलो. रांजणाच्या तळाशी पाखडलेल्या, निवडलेल्या गव्हाचा थर होता. त्यावर दोन्ही मुखवटे शेजारी-शेजारी, तोंडं वर करून, नीट बसवलेले होते. मध्ये एक हळकुंड ठेवलेलं. चोरीचा माल मी उकिरड्यातून, विहिरीतून, मेलेल्या बैलाच्या खड्ड्यातूनही काढला आहे. चोरानं मालाला आसन दिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. माझी आई लक्ष्म्यांचे मुखवटे वर्षभर धान्यातच ठेवायची. घरची लक्ष्मी उघड्या जमिनीवर टेकवली असती तर तिनं मला दोन दिवस जेवू घातलं नसतं.

मी पंचांना सांगितलं, "जे पाहिलं ते पंचनाम्यात येईल. बाहेर एक अक्षर बोलायचं नाही." मुखवटे धुतलेल्या धोतरात गुंडाळले आणि तोंडावर घोंगडी टाकून रांजण तसाच ठाण्यात उचलून आणवला.

कासाराला ठाण्यात आणलं तेव्हा वाटेत लोकांनी त्याच्यावर शेण फेकलं. जमादार जुन्या वळणाचा होता. त्यानं आल्याआल्या सुरुवात केली.

"काय बे, देव चोरतोस? बऱ्या बोलानं सांग, न्हाई तर साल काढीन."

"मी न्हाई घेतलं, मालक. आमी लिंबागणेशाला गेलतो. गाडीवाल्याला इचारा."

"दोन रट्टे द्या साहेब," जमादार माझ्याकडे वळून म्हणाला, "लगेच बोलंल."

मी त्याला गप्प बसवलं. मार खाल्लेला माणूस बोलतो हे खरं, पण तो आपल्याला जे ऐकायचं तेच बोलतो. मी कासारणीला विचारलं, "तुमच्याकडे महालक्ष्म्या कशा बसवतात, बाई?"

ती गोंधळली. मग म्हणाली, "आमच्यात मुखवटं नसत्यात साहेब. खड्याच्या गौरी. नदीवरून खडं आणायचं, पाटावर मांडायचं. बाकीचं आमाला काय ठावं न्हाई."

"घरात गहू आहेत?"

"गहू? जवारी हाय, तुरी हायेत. गहू सणाला आणू म्हनलो होतो."

जमादाराला पाठवून मी त्यांची सगळी मडकी तपासून घेतली. ज्वारी, तुरी आणि थोडी बाजरी. गव्हाचा दाणा नव्हता. लिंबागणेशच्या गाडीवाल्यानंही दोघं आदल्या दिवसापासून तिथंच असल्याचं सांगितलं. जमादार टोपी काढून डोकं खाजवू लागला.

"पण साहेब, मग ठिवलं कोणी?"

"ज्याला त्या उघड्यावर ठेववल्या नाहीत त्यानं," मी म्हणालो.

मुद्देमाल ओळखण्यासाठी मी आडत्याला बोलावलं. तो एकटाच आला, खुर्चीवर ऐसपैस बसला आणि कासाराला गल्लीतून कधी काढता असं विचारू लागला. चोर पकडला का, हे त्यानं विचारलं नाही. मी जमादाराला आधीच पढवून ठेवलं होतं. त्यानं धोतरात गुंडाळलेले मुखवटे आणले.

मी मोठ्यानं म्हणालो, "ठेव तिथं, दाराजवळ फरशीवर. नोंद होईपर्यंत पडू दे."

जमादार वाकला. आडत्या ताडकन उठला.

"अहो साहेब, खाली नका ठेवू! घरची लक्ष्मी हाय ती!"

"का? चोराच्या रांजणातून काढल्या आहेत. तिथं काय पाट-रांगोळी होती?"

"तिथं तरी गव्हावर बसवल्या होत्या!"

जमादार वाकलेला तसाच राहिला. मी रांजणावरची घोंगडी बाजूला केली आणि आडत्याला आतले गहू दाखवले.

"हे मी पाहिलं, जमादारानं पाहिलं आणि दोन पंचांनी पाहिलं. तुम्ही दाराबाहेर होता. तुम्हाला कोणी सांगितलं?"

तो खाली बसला. मग सगळं बाहेर आलं. नवराबायको लिंबागणेशाला गेल्यावर माळवदावरून तो स्वतःच उतरला होता. बातमी द्यायला पानाच्या दुकानावरचा तो गडीही त्यानंच पाठवला होता.

"धाकट्याचं लगीन काढलंय साहेब. भिंतीला भिंत हाय, मधून दार पाडलं असतं. कासार गेला की मुखवटे मीच परत घेतले असते."

"आणि तो तुरुंगात गेला असता ते?"

बायकोला यातलं काही माहीत नव्हतं, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला आणि ते खरं होतं.

त्या संध्याकाळी माझ्या घरी वजनदार माणसांची रांग लागली. मोठं घर आहे, सण तोंडावर आहे, आपसात मिटवा. मी सगळ्यांना पाणी दिलं आणि परत पाठवलं. मुखवटे माझ्या जबाबदारीवर आडत्याच्या बायकोच्या ताब्यात दिले, कारण तिच्या लक्ष्म्या अडवण्याइतका मी कायद्याचा गुलाम नव्हतो. खोट्या फिर्यादीचा खटला मात्र अदालतीत पाठवला. त्यात आडत्याला शिक्षाही झाली.

कासाराला मी त्याच दिवशी सोडलं. पण कासारणीचं मन उडालं होतं. ठाण्याच्या ओट्यावर बसून ती नवऱ्याला म्हणाली, "आता हितं कावून राहायचं? चला पाटोद्याला."

"आज गेलो तर चोर म्हनून गेलो," कासार म्हणाला. "घर माझं हाय. मी लई हिंडलो, आता न्हाई हिंडत."

त्याच्या कपड्यांवर अजून शेण होतं. मला त्या क्षणी त्या माणसाचा फार अभिमान वाटला. मी दवंडीवाल्याला बोलावलं, पूर्ण पोशाख चढवला, जमादार आणि सगळे जवान बरोबर घेतले आणि कासाराला मध्ये घालून त्याच वाटेनं गल्लीत नेलं. हलगी वाजली. कासार निर्दोष आहे, चोरीचा बनाव करणारा सापडला आहे, आणि या घराला हात लावील त्याची गाठ ठाण्याशी आहे, अशी दवंडी पिटली. मग मी कासाराच्या ओट्यावर सगळ्यांसमोर बसलो आणि त्याच्या घरचं पाणी मागितलं. असा हुकूम कोणत्याच कायद्यात लिहिलेला नव्हता. मोहतमीम साहेबांनी, म्हणजे जिल्ह्याच्या वरिष्ठांनी, दवंडीबद्दल खुलासा विचारला, तोही मी ताठ मानेनं दिला.

त्या केसनं मला एक गोष्ट शिकवली. गुन्हेगार आपलं पाप लपवायला जातो आणि त्याचे संस्कारच त्याला पकडून देतात. म्हणून माणसाच्या जबानीइतकंच त्याच्या घरच्या चालीरीतींकडेही पाहावं. ठाण्यावर येणाऱ्या प्रत्येक नव्या जमादाराला मी हे सांगत आलो.

निवृत्तीनंतर एकदा बीडला गेलो होतो. साध्या धोतर-सदऱ्यात त्या गल्लीत शिरलो आणि एक एक घर आठवत हळूहळू चाललो होतो. एका ओट्यावर केस पिकलेली बाई शेजारणींच्या घोळक्यात बसली होती. तिनं मला तिथूनच हटकलं.

"ओ पाव्हणं, कोण तुमी? कोणाकडं आलाव? अशा दारा-दारात काय बघताव?"

ती कासारीण होती. तिनं मला ओळखलं नव्हतं. मी गमतीनं म्हणालो, "पोलीस आहे मी, बाई."

"मग चुकलाव," ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमच्या गल्लीत पोलिसाचं काय काम न्हाई."

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. मी हात जोडले आणि माघारी फिरलो. उभ्या नोकरीत इतक्या आनंदानं मी कोणाचा हुकूम मानला नव्हता.